सार्वजनिक सभेचें मुखत्यारपत्र



एखादी सार्वजनिक संस्था काढावयाची म्हटली, कीं आपल्याकडे पहिली धांव जाते ती अध्यक्ष शोधण्याकडे, आणि दुसरी पावतीपुस्तकें छापून घेण्याकडे. संस्थेनें करावयाचें काय, आणि तें करण्याचा अधिकार तिला कोणीं दिला, हे प्रश्न बहुधा पहिल्या वार्षिक समारंभापर्यंत तसेच पडून राहतात. पुण्याच्या सार्वजनिक सभेची हकीकत मीं आज सांगावयास घेतली आहे, ती तिच्या संस्थापकांनीं या दुसऱ्या प्रश्नापासूनच आरंभ केला म्हणून.

पुण्यांत १८६७ सालीं ‘पूना असोसिएशन’ नांवाची एक मंडळी निघाली होती. पुढें पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीं शहरांत असंतोष माजला. गाऱ्हाणें मांडावयाचें, तर मांडणारे कोण, आणि ते कोणाच्या वतीनें बोलतात, हें आधीं ठरणें अवश्य होतें. या खटपटींतून २ एप्रिल १८७० रोजीं सार्वजनिक सभा जन्मास आली. अध्यक्षपदीं औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि होते. म्हणजे संस्थानिकाचा मान राखण्याची रीत सभेनेंही मोडली नाहीं. परंतु सभासद होण्याचा तिचा नियम मात्र अपूर्व होता. नुसती वर्गणी भरून कोणास सभासद होतां येत नसे. निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र त्यानें आणून दाखवावें लागे. आरंभींच्या पंचाण्णव सभासदांना सहा हजार लोकांनीं असा अधिकार दिला होता. हिशेब केला तर दर सभासदामागें साठांहून अधिक सह्या पडतात. नियमापेक्षां लोकच अधिक उदार ठरले म्हणावयाचे!

ही कल्पना वकिलाची आहे, हें ओळखण्यास फार बुद्धि नको. सभेचे खरे चालक गणेश वासुदेव जोशी हे पुण्याच्या कोर्टांत वकिली करीत. पक्षकाराच्या सहीवांचून वकिलाला न्यायाधीशापुढें उभें राहतां येत नाहीं. तोच दंडक त्यांनीं लोकसेवेला लावला, असें मला वाटतें. सह्या गोळा करावयाच्या म्हणजे घरोघर जावें लागतें, ‘तुमच्यासाठीं मी काय करणार’ हें सांगावें लागतें, आणि सांगितलेलें झालें नाहीं तर तीं माणसें रस्त्यांत गांठून विचारतात. संस्थेचें ध्येय ठरविण्याची याहून कडक रीत माझ्या पाहण्यांत नाहीं.

जोशी यांचा जन्म १८२८ मधला, साताऱ्याचा. लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणूं लागले, तें त्यांना शेवटपर्यंत चिकटलें. १८७२ मध्यें त्यांनीं स्वदेशीचें व्रत घेतलें. आपल्या हातानें सूत काढून त्याचींच वस्त्रें ते वापरीत. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारास सभेचे प्रतिनिधि म्हणून ते गेले, तेही याच खादीच्या पोषाखांत. तेथील हिरेमाणकांच्या गर्दींत ते कसे दिसले असतील याची कल्पना आपणच करावी.

दुसरे पुढारी न्यायमूर्ति रानडे. ते १८७१ च्या अखेरीस पुण्यास न्यायखात्यांत आले. सरकारी नोकर असल्यामुळें सभेंतला मानाचा पाट त्यांना नको होता. परंतु वर्षाचें काम कोणतें हातीं घ्यावयाचें हें बहुतेक त्यांच्याच विचारानें ठरे. ‘देशाची सुधारणा’ असलें गगनभेदी ध्येय त्यांनीं सभेपुढें ठेविलें नाहीं. १८७२ मध्यें सभेनें एक उपसमिति नेमून शेतकऱ्याच्या स्थितीची चौकशी चालविली. शेतसारा किती, कर्ज किती, हातांत उरतें काय, हें विचारून घ्यावयाचें आणि तें मांडावयाचें. काम रुक्ष, टाळ्या न मिळणारें. पण पुरें झालें कीं नाहीं हें कोणालाही तपासतां येईल असें.

या शिक्षणाची परीक्षा लौकरच झाली. १८७६ सालीं पाऊस गेला, आणि सोलापूर, कलादगी, अहमदनगर, सातारा, पुणें या जिल्ह्यांवर भयंकर दुष्काळ कोसळला. सभेनें तालुक्यातालुक्यांतून आपल्या माहितगार लोकांकडून बातमी मागविण्याचा क्रम सुरू केला. पिकांची स्थिति, धान्याचे भाव, गांवें सोडून गेलेलीं माणसें, मेलेलीं गुरें, हें सारें एकत्र करून सभा तें वेळोवेळीं मुंबई सरकारकडे लिहून पाठवी. १८७७ च्या जानेवारींत हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामांवरील मजुरी उतरविली. मजुराला दिवसाला एक रत्तल धान्य पुरे, वर मिठामिरचीला थोडे पैसे, असें त्यांचें मत. शिवाय जवळचीं लहान कामें सोडून दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याची सक्ति झाली. तेव्हां हजारों मजूर कामें टाकून निघून गेले. सभेनें या उपाशी लोकांची बाजू घेतली, आणि इतक्या अन्नावर दिवसभर खडी फोडणारा मनुष्य जगूं शकत नाहीं, हें आपल्या माहितीच्या आधारें सरकारास सुनावलें.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. याच १८७७ मध्यें पुण्याजवळ धनकवडी येथें जोतीराव फुले आणि त्यांचा सत्यशोधक समाज उपाशी मुलांसाठीं अन्नछत्र चालवीत होते. सार्वजनिक सभा ही ब्राह्मणांची सभा आहे, तिला शेतकऱ्यांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार काय, असा जोतीरावांचा परखड आक्षेप होता. तो सर्वस्वीं खोटा म्हणतां येणार नाहीं. पन्नास सह्यांचें बंधन चांगलें, पण त्या सह्या बहुतांशीं कोणाच्या? ज्या कुणब्याच्या कर्जाचा तक्ता सभा तयार करी, तो सभेंत क्वचितच बसे. अस्पृश्य आणि स्त्रिया यांचें तर नांवच नको. प्रतिनिधित्वाचा हा कडक नियम करणाऱ्यांनाच त्याची मर्यादा दिसली नाहीं.

मग दुष्काळांत लेखणी धरावी कीं पळी? धनकवडीच्या मुलांना विचारलें असतें तर उत्तर उघड होतें, आणि त्यापुढें माझी मान लवते. तरीही सभेनें आपलें काम सोडून अन्नछत्र घातलें असतें तर बरें झालें असतें, असें मी म्हणणार नाहीं. सरकारी आंकड्यांशेजारीं लोकांचे आंकडे ठेवणारें त्या वेळीं फारसें कोणी नव्हतें. पुढें १८७८ मध्यें सरकारनें दुष्काळ कमिशन नेमलें, १८८० मध्यें त्याचा रिपोर्ट झाला, आणि त्यांतून प्रांतोप्रांतींचे दुष्काळाचे कायदे, म्हणजे ‘फॅमिन कोड’, निघाले. याचें सारें श्रेय सभेला देणें अतिशयोक्ति होईल. सार्वजनिक काका तर १८८० सालींच वारले.

१८७८ पासून सभेचें इंग्रजी त्रैमासिक निघूं लागलें. रानड्यांचे पुष्कळ लेख त्यांत निनांवी आहेत. नंतरच्या वर्षांत मतभेद वाढले. १८९५ मध्यें टिळकपक्षानें सभेच्या व्यवस्थापक मंडळांत बहुमत मिळविलें, आणि रानडे व गोखले यांनीं १८९६ मध्यें ‘डेक्कन सभा’ निराळी काढली. त्या भांडणांत कोणाचें किती चुकलें, हा एका व्याख्यानाचा विषय नव्हे. त्याच वर्षीं पुन्हा दुष्काळ पडला. सभेचे प्रचारक खेड्यांतून फिरूं लागले, आणि यावेळीं त्यांच्या हातांत त्याच फॅमिन कोडाचें मराठी भाषांतर होतें. सारा तहकूब केव्हां होतो, काम मागण्याचा हक्क कोणाला आहे, हें ते शेतकऱ्यांना समजावून देत. वीस वर्षांपूर्वीं शेतकऱ्याची माहिती गोळा करून सरकारला देणारी सभा आतां सरकारचा कायदा शेतकऱ्याच्या हातीं देत होती.

हें मात्र सरकारला रुचलें नाहीं. कांहीं प्रचारकांवर खटले झाले. १८९७ मध्यें मुंबई सरकारनें कळविलें, कीं सार्वजनिक प्रश्नांवर सरकारशीं पत्रव्यवहार करण्याचा अधिकार असलेली संस्था म्हणून यापुढें सभेस मान्यता नाहीं. सभेचें त्रैमासिकही त्याच सालीं बंद पडलें. मात्र १८७० सालच्या त्या सहा हजार सह्यांत सरकारची सही कधींच नव्हती.