गूगल अर्थ

गूगल अर्थ हे पृथ्वीचा त्रिमितीय आभासी गोल संगणकाच्या पडद्यावर दाखवणारे सॉफ्टवेअर आहे. कीहोल या अमेरिकी कंपनीने ते 'अर्थ व्ह्यूअर' या नावाने विकसित केले होते. २००४ मध्ये गूगलने ही कंपनी विकत घेतली व जून २००५ मध्ये ते सध्याच्या नावाने उपलब्ध झाले. न्याहाळकात चालणारी आवृत्ती २०१७ मध्ये आली.

वापराची सुरुवात

शोधपेटीत ठिकाणाचे नाव किंवा अक्षांश-रेखांश लिहिल्यास गोल फिरून तेथे पोहोचतो. नवख्याने पाहिलेल्या ठिकाणापासून आरंभ केल्यास उपग्रहचित्र वाचण्याची सवय लवकर लागते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे. वरून केवळ हिरवट वर्तुळ दिसते. दृश्य तिरपे केल्यावर मात्र विवराचा कडा उठून येतो आणि मोजपट्टीने त्याचा सुमारे १.८ किमी व्यास स्वतः पडताळता येतो. आवडीची स्थळे खुणा करून केएमएल धारिकेत साठवता येतात.

मर्यादा

ही चित्रे थेट प्रक्षेपण नव्हेत. निरनिराळ्या दिवशी घेतलेली उपग्रह व विमानातील छायाचित्रे जोडून ती तयार होतात. त्यामुळे शेजारची दोन शिवारे, एक हिरवे व एक उजाड, दिसली तरी तो फरक पिकाचा नसून तारखेचा असू शकतो. जुनी चित्रे पाहण्याची सोय २००९ पासून आहे. चित्र प्रत्यक्ष स्थानापासून काही मीटर सरकलेले असू शकते. म्हणून बांधाच्या वादात ते शासकीय मोजणीची जागा घेऊ शकत नाही.

इस्रोचे 'भुवन' हे याच स्वरूपाचे भारतीय संकेतस्थळ २००९ मध्ये सुरू झाले.