मराठवाड्यातील चहाचे प्रकार : पत्ती, कृती आणि कपबशी
(नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
चहाच्या प्रकारांची तुलना करताना सामान्यतः आसाम, दार्जिलिंग, निलगिरी अशी प्रदेशवार किंवा काळा, हिरवा, ऊलाँग अशी प्रक्रियेनुसार वर्गवारी केली जाते. मराठवाड्यात चहाचे मळे नाहीत. त्यामुळे येथील चहाचा इतिहास हा मळ्याचा नसून बाजारपेठेचा, चुलीचा आणि हॉटेलचा इतिहास ठरतो. या प्रदेशात चहाचे भेद पत्तीवरून कमी आणि तो कसा उकळला जातो व कोणाला कोणत्या भांड्यातून दिला जातो यावरून अधिक ठरले, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

पत्तीतील भेद :
पश्चिम भारतातील चहापानाचे जुने वर्णन जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने केले आहे. तो सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेत होता. तेथील लोक चहाच्या पाण्यात गरम मसाला उकळून डोकेदुखी व पोटशुळावर घेत, असे त्याने नोंदविले. मसाल्याचा चहा ही अलीकडची टूम आहे असे मानणाऱ्यांनी ही नोंद लक्षात घ्यावी. १६९९ मध्ये त्याने चहावर स्वतंत्र निबंध लिहून बोही, सिंग्लो व बिंग या चिनी प्रकारांची तुलनाही केली. काळा आणि हिरवा चहा ही दोन वेगळी झाडे नसून एकाच वनस्पतीच्या पानांवरील वेगळी प्रक्रिया आहे, हे युरोपीयांना मात्र १८४० च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून याच्या चीनमधील प्रवासानंतर स्पष्ट झाले.

आपल्या दृष्टीने निर्णायक ठरलेला भेद त्याहून पुष्कळ नंतरचा आहे. १९३० च्या सुमारास आसामातील अमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर याने पान चिरडणारे, फाडणारे व वळणारे यंत्र तयार केले. त्यातून निघणारा दाणेदार चहा म्हणजे सीटीसी. आपल्या बाजारात यालाच 'मामरी' म्हणतात. जुन्या पद्धतीने वळलेल्या पानाचा चहा सुगंधी, पण रंगाने फिका आणि दूध घातले की हरवणारा असतो. सीटीसी त्वरित रंग सोडतो, दुधात टिकतो आणि एका किलोत अधिक कप देतो. स्वातंत्र्योत्तर काळात सीटीसीचा प्रसार झाला व चहा शेतमजुराच्या आवाक्यात आला. आज भारतातील बहुतांश उत्पादन याच प्रकारचे आहे. चर्चासत्रांतून आपल्यापुढे येणारी ग्रीन टीची पुडी हा अपवादच म्हणावा लागेल.

कृतीतील भेद :
पत्ती एक झाली तरी चव एक झाली नाही. याचे कारण राजकीय व दळणवळणाच्या इतिहासात शोधावे लागते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत दोन्ही प्रदेश निजामी राज्यात होते. आजचा लातूर जिल्हा तर १९८२ पर्यंत उस्मानाबादचाच भाग होता. परंतु रेल्वेने त्यांची तोंडे वेगळ्या दिशांना वळविली. नांदेड १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे मार्गाने थेट राजधानीशी जोडले गेले. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोचली, ती कुर्डुवाडीमार्गे सोलापूर-पुण्याकडे नेणारी.

हैदराबादी इराणी चहात पत्तीचा अर्क झाकण लावून मंद आचेवर दीर्घकाळ मुरवतात, दूध वेगळे आटवतात आणि दोन्ही कपातच एकत्र येतात. पुण्याच्या अमृततुल्यात, म्हणजे राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी रुजविलेल्या परंपरेत, दूध, पाणी, साखर, आले, वेलदोडा आणि पत्ती एकाच पितळी पातेल्यात उकळते. नांदेडचा जुना 'चाय' पहिल्या कुळाशी आणि लातूरचा चहा दुसऱ्याशी अधिक जवळचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे. तिसरी रीत घरची : गुळाचा चहा. गुळामुळे उकळते दूध फाटते, म्हणून तो कोरा उकळून खाली उतरविल्यावर दूध घालतात किंवा घालतच नाहीत. ज्या घरांत तो गरजेपोटी होत असे, तेथील वृद्ध स्त्रियांना आज 'स्पेशल गुळाचा चहा' ही पाटी पाहून हसू येते.

१९३० च्या दशकातील चहाप्रसार मंडळाला या रीती पसंत नव्हत्या. किटलीत पत्ती भिजवा, दूध वरून घाला, असा त्याचा उपदेश होता. मसाल्याने पत्तीचा खप घटतो ही त्यामागची चिंता. लोकांनी चहा घेतला, उपदेश घेतला नाही.

कपबशीतील भेद :
१८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये दिलेल्या चहावरून रानडे-टिळकांना प्रायश्चित्तापर्यंत जावे लागले. तेथे वाद चहा कोणता याचा नव्हता, तो कोणाच्या हातचा याचा होता. हाच प्रश्न पुढे खेड्यातील हॉटेलात उलट बाजूने उभा राहिला. दलितांसाठी कप बाहेर वेगळा ठेवलेला असे, तो पिणाऱ्यानेच धुवायचा आणि चहा वरून ओतला जाई. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने हे दंडनीय ठरले. तरी प्रथा थांबली नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनात शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील गावच्या हॉटेलातील अशा कपबशीविरुद्ध पोलिसांकडे केलेल्या तक्रारीचा प्रसंग आहे. एकाच पातेल्यातील, एकाच पत्तीचा, एकाच किमतीचा चहा कपाबरोबर वेगळा होत होता. चवीच्या कोणत्याही तक्त्यात हा फरक नोंदला जात नाही.

याच मराठवाड्यात, नांदेडच्या सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये चहा पंगतीच्याच नियमाने, कोणाचेही नाव-गाव न विचारता दिला जात आला आहे. टपऱ्यांवर आता कागदी कप आले आहेत. वेगळ्या कपबशीची जुनी खूण नाहीशी होण्यात कायद्याबरोबरच या कपाचाही वाटा आहे, असे वाटते. मात्र ज्या गावांत अजून काचेचे पेले धुऊन वापरले जातात, तेथे ते कोण धुतो हे आजही पाहण्यासारखे आहे.