सुट्टीचे बेट आणि बिनसुट्टीची माणसे : मॉरिशसच्या सहलीची इतिहासासह आखणी

१/ मॉरिशसच्या पर्यटन-जाहिरातींत मार्क ट्वेन यांचे नाव हमखास आढळते. या बेटाची स्वर्गाशी तुलना त्यांनी केली, असे सांगितले जाते. वस्तुतः १८९६ मध्ये तेथे आलेल्या ट्वेन यांनी ती एका रहिवाशाची बढाई म्हणून नोंदवली होती. दुसऱ्या रहिवाशाने केलेले तिचे खंडनही त्यांनी लगेच पुढे दिले. जाहिरात त्यातला अर्धाच भाग सांगते. सहलीची आखणी उरलेल्या अर्ध्यासह केलेली बरी. 🧵

२/ केव्हा जावे? बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने ऋतू भारताच्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण व पावसाळी काळ. चक्रीवादळांचा धोका जानेवारी ते मार्चमध्ये सर्वाधिक. डच ईस्ट इंडीजचे पहिले गव्हर्नर जनरल पीटर बोथ यांचे जहाज मार्च १६१५ मध्ये याच किनाऱ्यावर फुटले आणि ते बुडाले. बेटावरचे एक शिखर आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

३/ एप्रिल संपत आला म्हणजे धोका टळला, असेही नाही. २९ एप्रिल १८९२ रोजीच्या चक्रीवादळाने पोर्ट लुईची वाताहत केली. हजारांहून अधिक माणसे दगावली. म्हणून मे ते ऑक्टोबर हा कोरडा, सौम्य काळ निवडावा. या महिन्यांत आग्नेयेचे वारे जोरात वाहतात. त्यामुळे पूर्वेपेक्षा उत्तर व पश्चिम किनाऱ्यावरचा मुक्काम सुखाचा ठरतो.

४/ कोठे पोहावे? बेटाभोवती प्रवाळाची जवळजवळ अखंड भिंत आहे. तिच्या आतले पाणी शांत असते. हीच भिंत जहाजांचा काळ होती. १७४४ मध्ये ‘सें-जेराँ’ हे फ्रेंच जहाज तिच्यावर आदळून बुडाले. दक्षिणेस ग्री-ग्री येथे ही भिंत तुटलेली असल्याने लाटा थेट कड्यावर येतात. ती जागा पाहण्याची आहे, पोहण्याची नव्हे.

५/ पहिला किंवा शेवटचा दिवस माहेबूरसाठी राखावा. विमानतळ तेथून जवळच आहे. ऑगस्ट १८१० मध्ये येथील ग्रँड पोर्टच्या खाडीत फ्रेंचांनी ब्रिटिश आरमाराला हरवले. पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचे नाव कोरलेले आहे. दोन्ही बाजूंच्या जखमी नायकांवर ज्या घरात उपचार झाले, तेथे आज इतिहास-संग्रहालय आहे.

६/ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेट ब्रिटिशांच्या हाती गेले, पण शरणागतीच्या अटींनुसार तेथील लोकांचे कायदे, धर्म व चालीरीती कायम राहिल्या. म्हणूनच आजही सरकारी कारभार इंग्रजीत, वृत्तपत्रे बहुतांशी फ्रेंचमध्ये आणि बाजारातली बोली क्रिओल. इंग्रजीवर काम भागते. पण दुकानात शिरताना ‘बोंझूर’ म्हटले की समोरचा माणूस मोकळेपणाने बोलू लागतो.

७/ चलनाचे नाव ‘रुपया’ असले, तरी तो भारतीय रुपया नव्हे. दर आधी पाहून घ्यावा. नावामागे मात्र भारतच आहे. भारतीय मजुरांबरोबर बेटावर भारतीय रुपया इतका रुळला की १८७६ मध्ये मॉरिशसने रुपया हेच आपले चलन ठरवले.

८/ पोर्ट लुईतील आप्रवासी घाटासाठी अर्धा दिवस हवा. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर आले. गुलामगिरी संपत होती आणि ऊसमळ्यांना माणसे हवी होती. १९२० पर्यंत सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर या बेटावर उतरले. घाटाच्या जुन्या दगडी पायऱ्या अजून शाबूत आहेत. २००६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

९/ त्या मजुरांची सुट्टी कशी होती? पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्राचा दाखला जवळ बाळगावा लागे आणि आपल्या जिल्ह्याबाहेर पाऊल टाकण्यास पोलिसांचा परवाना लागे. आजचा प्रवासी भाड्याच्या मोटारीने दोनेक तासांत बेट ओलांडतो. तेच अंतर कापणे या माणसांसाठी गुन्हा ठरू शकत होते.

१०/ नैऋत्येचा ल मॉर्न हा डोंगर पायथ्याच्या आलिशान हॉटेलांमुळे परिचित आहे. पळून आलेल्या गुलामांनी याच कड्यांचा आश्रय घेतला होता. मुक्तीची वार्ता घेऊन आलेल्या शिपायांना पाहून, ते धरायलाच आले असे समजून काहींनी खाली उड्या घेतल्या, अशी लोकपरंपरा आहे. हा डोंगर २००८ मध्ये जागतिक वारसास्थळ झाला. चढण पहाटे सुरू करावी; वरचा टप्पा उभ्या खडकाचा आहे.

११/ मराठी प्रवाशाला तारीख निवडता येत असेल, तर गणेशचतुर्थी साधावी. मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत कोकणातली माणसे होती. त्यांच्या वंशजांनी गणपती जपला आणि कोकणची जाखडीही. तिला तेथे ‘झाकरी’ म्हणतात. हवाही तेव्हा उत्तम असते, आणि त्या दिवशी साऱ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते.

१२/ १ फेब्रुवारी, म्हणजे गुलामगिरी संपल्याचा दिवस, आणि २ नोव्हेंबर, म्हणजे मजूर उतरल्याचा दिवस, हेही तेथे सुट्टीचेच दिवस आहेत. ज्यांना एका खाड्यापायी दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडावे लागे, त्यांच्या आगमनदिनी आज सारा देश काम थांबवतो.

#इतिहास #मॉरिशस