स्वस्ताईचा हिशेब

‘आमच्या काळी एका रुपयात आठवड्याचा बाजार होत असे,’ हे वाक्य आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी अनेकदा येते. त्यात खोटे काही नसते; परंतु ते अर्धेच सत्य असते. एखाद्या वस्तूचा जुना भाव शोधून काढणे फारसे अवघड नाही. त्याचा अर्थ लावणे मात्र कष्टाचे काम आहे.

पहिली अडचण नाण्यांची. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असत. जुन्या वहीत ‘२-६-३’ असे लिहिलेले आढळले, तर ते दोन रुपये, सहा आणे, तीन पै असे वाचावे. रुपयात पूर्वी ६४ पैसे होते, नंतर १०० झाले. त्यामुळे ‘दोन पैशांना मिळे’ असे कोणी सांगितले, तर ते पैसे जुने की नवे, हे आधी विचारले पाहिजे.

दुसरी अडचण मापांची. ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने रूढ झाला. त्यापूर्वीचा सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. परंतु गावोगावचे शेर निरनिराळे होते, आणि धान्य तर बहुधा पायली-अधोलीने मोजून दिले जाई. शिवाय जुन्या सरकारी अहवालांत भाव उलट दिलेला असतो: रुपयाला किती शेर. सोळा शेरांचे आठ शेर झाले, तर ती घसरण नव्हे. धान्य दुप्पट महाग झाले, असा त्याचा अर्थ होतो.

या शोधासाठी साधने पुष्कळ आहेत. मुंबई सरकारच्या मजूर कार्यालयाने १९२१ पासून ‘लेबर गॅझेट’ हे मासिक काढले. त्यात कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक जुलै १९१४ चे भाव शंभर धरून दिला जाई. स्वातंत्र्योत्तर काळासाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक आहे. त्याचे पायाभूत वर्ष १९६०, १९८२, २००१ आणि २०१६ असे बदलत गेले. या मालिका जोडणारे गुणक सरकारने दिलेले आहेत. ते वापरल्याविना जुना आकडा नव्याशी ताडता येत नाही.

सरकारी दर मात्र जपून वापरावेत. १८७९ साली पोस्टकार्ड पाव आण्याला मिळे. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी ते ५० पैशांचे झाले, म्हणजे केवळ बत्तीसपट. टपालाचा हा दर सरकारने मुद्दाम खाली ठेवला होता. त्यावरून तांदळाची महागाई मोजता येणार नाही. तसेच मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाल्यानंतरचा नियंत्रित भाव हा गृहिणीने प्रत्यक्ष मोजलेला भाव असेलच असे नाही. काळाबाजार कोणत्याही तक्त्यात नोंदलेला नसतो.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मिळकतीचा. मजूर कार्यालयाने १९२१-२२ साली मुंबईतील कामगार कुटुंबांची पाहणी केली. त्यांची सरासरी मासिक मिळकत सुमारे ५२ रुपये होती आणि खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग केवळ अन्नावर जात होता. २०२२-२३ च्या पाहणीत देशातील शहरी कुटुंबांचा अन्नावरील खर्च सुमारे ३९ टक्के आढळला. दोन्ही पाहण्यांतील कुटुंबे एकाच थरातील नव्हेत. तरीही आण्यांतला तांदूळ त्या कामगाराला स्वस्त नव्हता, एवढे निश्चित.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. केळी, भाजीपाला आणि फुले मुंबईच्या बाजारात पाठविणाऱ्या वसईच्या शेतकऱ्याला गिऱ्हाइकाच्या त्या स्वस्ताईतूनच आपला संसार चालवावा लागे. एकाची स्वस्ताई ही दुसऱ्याची तुटपुंजी मिळकत असते, हे जुन्या दिवसांचे गोडवे गाताना आपण विसरतो.

म्हणून घरातील वाण्याची वही, लग्नखर्चाची यादी, दुधाचा हिशेब, धर्मग्रामाच्या सणाचा जमाखर्च रद्दीत घालू नये. भाव तक्त्यांतून मिळतील. पण अमुक महिन्यात तेल निम्मेच आणले, ही नोंद केवळ त्या वहीतच असते. आणि वडीलधारी माणसे भाव सांगू लागली, की त्यांना आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: तेव्हा दिवसाची मजुरी किती मिळत होती?