रक्तशुद्धीकरणावरील स्त्रिया आणि मातृत्व : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मूत्रपिंडे निकामी झालेल्या स्त्रीच्या मातृत्वाचा इतिहास हा प्रामुख्याने वैद्यकाच्या मतपरिवर्तनाचा इतिहास होय. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये हॉलंडमध्ये कृत्रिम मूत्रपिंड वापरले, तेव्हा रुग्ण जगविणे एवढाच हेतू होता. डायलिसिसवरील स्त्रीची यशस्वी प्रसूती प्रथम १९७१ मध्ये इटलीतून नोंदविली गेली. तरीही गर्भपाताचाच सल्ला दिला जाई. १९८० च्या युरोपीय अहवालात ११५ गर्भधारणांची नोंद आढळते. करविलेले गर्भपात वगळता उरलेल्यांपैकी जेमतेम २३ टक्के अपत्ये जगली.

अपयशाचे कारण यंत्रापेक्षा वेळेत होते. आईच्या रक्तातील युरिया वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो, गर्भाची लघवी वाढते, गर्भजल साचते आणि प्रसूती अकाली होते. रक्त अधिक काळ शुद्ध केल्यास हे चक्र बऱ्याच अंशी रोखता येते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोरांटो येथील अभ्यासाने ही बाब आकड्यांनिशी मांडली. आठवड्याला २० तास वा त्याहून कमी डायलिसिस घेणाऱ्यांत ४८ टक्के, तर ३६ तासांहून अधिक घेणाऱ्यांत ८५ टक्के जिवंत जन्म झाले. चार दशके 'अशक्य' म्हणून जे सांगितले गेले, ते पुष्कळसे अपुऱ्या तासांचे फलित होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मूत्रपिंडरोपण हा दुसरा मार्ग. जुळ्या बहिणीचे मूत्रपिंड लाभलेली अमेरिकन स्त्री १९५८ मध्येच माता झाली होती. भारतात १९६५ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात रोपणाचा प्रयत्न झाला. यश मात्र १९७१ मध्ये वेल्लोरला आले.

आता हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाट्याकडे वळू. महाराष्ट्रात २०१२ च्या जीवनदायी योजनेने (२०१७ पासून महात्मा फुले जनआरोग्य योजना) गरिबांना डायलिसिस आवाक्यात आणले, हे निःसंशय मोठे कार्य होय. परंतु आपल्याकडील नित्याचा क्रम आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी चार तास, म्हणजे फार तर १२ तासांचा. शिवाय पाळी अनियमित असल्याने गर्भधारणा उशिरा ध्यानात येते. मूत्रपिंडविकारात रक्तातील संप्रेरकाची चाचणीही फसवी ठरू शकते, म्हणून सोनोग्राफी अटळ होते. फाट्यावरच्या स्त्रीने ३६ तास गाठावयाचे, तर आठवड्यातील सहा दिवस, रोज सहा तास यंत्राजवळ काढावे लागतील. त्याखेरीज नांदेडची जा-ये वेगळी, आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच.