एकात्मीकरण आणि जमीन : १९५७ च्या जिनीव्हा अभिसंधीतील एक अंतर्विरोध

२६ जून १९५७ रोजी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या जिनीव्हा येथील परिषदेने आदिवासी व अर्ध-आदिवासी जनसमूहांविषयीची अभिसंधी क्रमांक १०७ संमत केली. भारताने १९५८ साली तीस मान्यता दिली. ह्या अभिसंधीवर पुढे जी टीका झाली ती मुख्यतः तिच्या ‘एकात्मीकरण’ ह्या ध्येयावर होय. ती टीका यथार्थ आहे. परंतु तीमुळे अभिसंधीतील अकरावे कलम उपेक्षित राहिले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अभिसंधीच्या कर्त्यांना सक्ती अभिप्रेत नव्हती. दुसऱ्या कलमाने कृत्रिम सात्मीकरण वर्ज्य मानले आहे व बळाचा वापर स्पष्टपणे निषिद्ध ठरविला आहे. तथापि हे समूह ‘कमी प्रगत अवस्थेत’ आहेत, आणि काळाच्या ओघात ते राष्ट्रीय जीवनात मिसळून जावयाचे आहेत, हे गृहीत सर्वत्र कायम आहे. शासनाने त्यांचे सहकार्य मिळवावे असे पाचवे कलम सांगते. संमती मिळवावी असे सांगत नाही. हा वाद आपल्याकडे नवा नव्हता. डॉ. घुर्ये ह्यांनी १९४३ सालच्या आपल्या ग्रंथात आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हटले होते, आणि व्हेरियर एल्विन ह्यांच्या संरक्षणवादी भूमिकेचे खंडन केले होते. भूमिका परस्परविरोधी खऱ्या. पण आदिवासींच्या भवितव्याचा निर्णय दोन्हीकडे बाहेरचाच माणूस करीत होता.

ज्या समूहांचे वेगळेपण कालांतराने लोपावयाचे, त्यांना अकराव्या कलमाने परंपरेने वहिवाटीत असलेल्या जमिनीवर सामूहिक वा वैयक्तिक मालकी मात्र मान्य केली. बाराव्या कलमाने राष्ट्रीय सुरक्षा, आर्थिक विकास व त्या समूहांचे स्वतःचे आरोग्य ह्या कारणांसाठी विस्थापनाची वाट मोकळी ठेवली. तेथेही तोडीच्या जमिनीची अट घातली. हा अंतर्विरोध तीन दशके कागदावरच राहिला.

तो प्रत्यक्षात उतरला तो नर्मदाकाठी. सरदार सरोवराच्या बुडित क्षेत्रात महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी ह्या तालुक्यांतील (तत्कालीन धुळे जिल्हा) ३३ गावे येत होती. तेथील अनेक कुटुंबे वनजमीन कसत असत. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन होती, पण ती खातेदाराला. वनजमीन कसणारा सरकारी दप्तरात ‘अतिक्रमक’. जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स समितीने १९९२ च्या अहवालात ह्याच ठिकाणी अभिसंधी १०७ चा आधार घेतला : अकराव्या कलमातील हक्क रूढ वहिवाटीतून उत्पन्न होतो, सातबाऱ्यावरील नोंदीतून नव्हे. मार्च १९९३ मध्ये भारताने बँकेच्या कर्जाचा उर्वरित भाग नाकारला. धरणाचे काम मात्र त्यामुळे कायमचे थांबले नाही.

दरम्यान १९८६ साली श्रमसंघटनेच्याच तज्ज्ञमंडळाने एकात्मीकरणाचे धोरण कालबाह्य व घातक ठरविले होते, आणि १९८९ साली अभिसंधी १६९ संमत झाली. भारताने तीस मान्यता दिलेली नाही. म्हणून ज्या दस्तऐवजाचे ध्येय त्याच्या जनक संस्थेनेच टाकून दिले, तोच भारतावर आजही बंधनकारक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या उद्देशिकेत वनवासी जमातींवरील ‘ऐतिहासिक अन्याय’ मान्य केला आणि वनजमिनीवरील वहिवाटीस हक्काचे स्वरूप दिले. अकराव्या कलमास मान्यता दिल्यापासून तोपर्यंत ४८ वर्षे लोटली होती.