चितेआधीची नोंद : किल्लारी १९९३

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून औसा तालुक्यातील किल्लारी आणि भोवतालची गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे माणसांच्या अंगावर आली. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा आहे.

या भूकंपाचा इतिहास बहुधा पुनर्वसनाच्या अंगाने लिहिला जातो. त्याआधीचे काही दिवस मृतदेहांचे होते. ढिगाऱ्याला पहिला हात लावला तो वाचलेल्या गावकऱ्यांनी. मग शेजारची गावे, पोलीस, लष्कर, स्वयंसेवक आले. पाऊस लागला. सरपण पुरेना, तेव्हा पडक्या घरांचेच वासे आणि तुळया चितेवर गेल्या. एकेका चितेवर अनेक देह ठेवावे लागले. या भागात दफनाची रीत असलेले लिंगायत व मुस्लिमही आहेत. सामूहिक चितेपाशी ज्याची त्याची रीत सांभाळणे कठीणच होते.

या घाईमागे रोगराईची भीती होती. जागतिक आरोग्य संघटना आणि रेड क्रॉस यांच्या सहभागाने २००६ मध्ये निघालेली पुस्तिका ही भीती बहुतांशी निराधार ठरवते : अशा आपत्तीत माणसे जखमांनी मरतात, साथीच्या रोगाने नव्हे. म्हणून आधी क्रमांक, छायाचित्र, अंगावरच्या वस्तूंची नोंद, मग अंत्यविधी. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या या विषयावरील सूचना २०१० च्या. १९९३ मध्ये ते प्राधिकरणही नव्हते. तेव्हा किल्लारीत राबलेल्या हातांना दोष देणे अन्यायाचे होईल.

नोंदीचे मोल मुंबईच्या उदाहरणावरून कळते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. ते दलाचे नोकर होते, म्हणून त्यांची नावे कागदावर होती. आज देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो.

शेजाऱ्याला काढायला धावणाऱ्या गावकऱ्याचा हजेरीपट नसतो. अख्खे घरच गेले, तर त्याचे नाव सांगणाराही उरत नाही. अग्नी देणे हा मृताचा मान खराच; पण त्याआधी एक वही, क्रमांकाची चिठ्ठी आणि एक छायाचित्र हाही त्याच मानाचा भाग आहे. गावोगावच्या आपत्ती आराखड्यात दोर आणि टॉर्चशेजारी त्या वहीलाही जागा हवी.